आई, डिंगऱ्या धरल्या

आई, डिंगऱ्या धरल्या आहेत. गेल्या आठवड्यात नखाएवढ्या होत्या, आता चांगल्या करंगळीएवढ्या झाल्या. मुळ्यांच्या शेंड्यांना अजून पांढरी-जांभळी फुलं आहेत आणि खालच्या अंगाला शेंगाच शेंगा. हे सांगायला मी काल सकाळी मागच्या दारातून वळून हाक मारली. ‘आई’ एवढं म्हणून झाल्यावर लक्षात आलं, मग उगाच घसा खाकरला. घरात मेधाशिवाय कुणी नव्हतं, आणि तिनं ऐकलंच नाही असं दाखवलं.

तुम्ही कुठे जन्मलात, किती वर्षं शाळेत शिकवलंत, मागे कोण कोण आहे, हे सगळं आम्ही इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर लिहून टाकलं. माहिती सगळी बरोबर आहे, फक्त तुम्ही त्यात कुठे सापडत नाही. म्हणून हे वेगळं लिहितोय. शिवाय आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय. भांडण म्हणजे मी भांडायचो आणि तुम्ही हसून आणखी एक पोळी वाढायचात, त्यामुळे ते कधी निकालात निघालं नाही.

बाबा गेल्यावर मेधा तुम्हाला कऱ्हाडहून इथे अमेरिकेत, कॅरीला घेऊन आली. पहिल्याच सकाळी तुम्ही मला विचारलंत, “शिरीषराव, फ्रीज उघडू का? दूध काढायचंय.” मला वाटलं, नवीन आहेत, रुळतील. तुम्ही रुळलात, भाषा शिकलात, शेजारच्या कुत्र्याची नावागावासकट चौकशी करू लागलात, पण फ्रीज विचारल्याशिवाय कधी उघडला नाहीत. भर जुलैत एसीच्या गारव्यानं तुम्ही शाल पांघरून बसायचात, पण भिंतीवरच्या थर्मोस्टॅटला बोट लावायचं नाही. भाजीत मीठ कमी पडलं तर बोलायचं नाही. माझ्या आधी जेवायचं नाही. मी म्हणायचो, “आई, घर तुमचंच आहे हो.” तुम्ही म्हणायचात, “असं कसं? जावयाचं घर ते जावयाचं घर.” फोनवर कुणी विचारलं, कुठे असता हल्ली, की उत्तर ठरलेलं होतं: “मेधाकडे असते.”

माझी आई लवकर गेली, हे तुम्हाला माहीत होतं. तुम्ही येणार म्हटल्यावर मी मनातल्या मनात किती खूश झालो होतो, ते मात्र तुम्हाला माहीत नव्हतं. घरात आई येणार असं मला वाटलं होतं, आणि आली ती एक अतिशय गोड, अतिशय अदबशीर पाहुणी, जी अकरा वर्षं राहिली. तुमच्या पिढीत लेकीच्या घरी पाण्याचा घोटसुद्धा संकोचानं घेत, हे मी ऐकून होतो. पण इतक्या वर्षांत एकदा तरी तुम्ही या घराला आपलं म्हणाल, म्हणून मी वाट बघत होतो.

तो प्लॉटही त्यातूनच आला. पार्काच्या कडेला गावातले लोक भाजीचे वाफे घेतात, तसा एक तुम्हाला हवा होता. “तुमचं खाते, निदान भाजी तरी माझी असू दे,” असं तुम्ही मेधाला सांगितलंत. ती वैतागली. “आई, धिस इज सो सिली, आपल्या मागे एवढं बॅकयार्ड पडलंय.” मीही म्हटलं, तिथे लावा की, मी जाळी ठोकून देतो, हरणं येणार नाहीत. तुम्ही “बघू” म्हणालात. तुमचं ‘बघू’ म्हणजे काय ते मी शाळेतल्या मुलांइतकंच लवकर शिकलो. प्लॉट तुमच्या नावानं घेतला, त्यावर तुमच्या नावाची पाटी लागली, आणि दर वसंतात मी न चुकता विचारत राहिलो की या वर्षी एक तरी ओळ घरी लावा. उत्तर दर वर्षी “बघू.”

डिंगऱ्या मी पहिल्यांदा पाहिल्या त्या तिथे. मी मुंबईत वाढलो. मुळा म्हणजे भाजीवाल्याकडे जुडीत मिळतो तो, पाल्यासकट. त्याला कुणी उपटलंच नाही तर तो फुलतो आणि शेंगा धरतो, आणि त्या शेंगांची भाजी करतात, ही माझ्या लेखी बातमी होती. इथे एप्रिलमध्ये ऊन एकदम तापतं. लाल छोटे मुळे लावलेले अमेरिकन लोक दोन-चार दिवस इकडेतिकडे गेले की मुळ्याचा फुलोरा कमरेइतका वाढलेला आणि खाली मुळा लाकूड झालेला. शेजारच्या वाफ्यातली पॅट अशीच कमरेवर हात ठेवून उभी होती. आता ही उपटून फेकणार, एवढ्यात तुम्ही मधल्या तारेपाशी गेलात आणि म्हणालात, “डोन्ट थ्रो. प्लीज. गिव्ह मी. आय विल वेट.”

पॅटला वाटलं, भारतीय बाईला झाडाची दया आली. तिनं ते तसेच ठेवले. पुढे शेंगा आल्या तेव्हा तुम्ही तिला एक कोवळी शेंग मोडून खायला दिलीत, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिलात. आधी गोडसर, मग हळूच मुळ्याचा झणका. “ओह, इट बाइट्स बॅक,” ती म्हणाली. तिथून ती गोष्ट गावभर झाली. दर वर्षी कुणाचे मुळे बिघडले की तो माणूस मला पार्किंग लॉटमध्ये गाठून सांगायचा, “अवर रॅडिशेस आर बोल्टिंग, टेल युअर मदर.” मला ते ‘युअर मदर’ ऐकायला फार आवडायचं. तुम्ही बाजूलाच असलात तर लगेच दुरुस्ती करायचात: “नो, नो. मदर-इन-लॉ. आय लिव्ह ॲट डॉटर्स हाउस.” फुकट काही घ्यायचं नाही म्हणून प्रत्येकाला बदल्यात कोथिंबिरीची जुडी.

एक गोष्ट मला तेव्हा कळली नव्हती. डिंगऱ्या तुम्ही नेहमी दुसऱ्यांच्या टाकाऊ मुळ्यांच्या खुडल्यात. स्वतःच्या वाफ्यातला मुळा महिन्याभरात उपटायचात. मी एकदा विचारलंही होतं. “शेंगा धरायला अख्खा हंगाम जागा अडते, शिरीषराव. तेवढी चैन आपल्या परसात करायची. ही जागा उसनी.” कऱ्हाडच्या परसात तुमची एक ओळ कायम शेंगांसाठी राखलेली असायची, बाबांना आवडायच्या म्हणून. डाळीचं पीठ पेरून केलेली भाजी. तुम्ही ती इथे करायचात तेव्हा पहिला घास माझ्या पानात वाढून जरा थांबायचात, आणि मी छान म्हटल्याशिवाय चमचा खाली ठेवायचा नाहीत.

मध्ये माझी नोकरी गेली होती, आठवतंय ना? ते दिवस मी कुणाशी बोललो नाही. मेधा कामावर जायची, मी स्क्रीनसमोर बसून अर्ज करायचो आणि उरलेला वेळ भिंतीकडे बघायचो. आठवड्यातून एकदा प्लॉटवर जाणाऱ्या तुम्हाला अचानक रोज तिथे जायची निकड लागली. “शिरीषराव, सवड असेल तर सोडता का? पाणी घालायला हवं.” भर पावसातसुद्धा तुम्हाला पाणी घालायला हवं होतं. मी गाडी काढायचो, चिडत का होईना अंघोळ करून बाहेर पडायचो, तुमच्यासोबत तासभर मातीत बसायचो. नवी नोकरी लागली आणि तुमची निकड संपली. मी त्याबद्दल तुमचे आभार कधी मानले नाहीत. मानले असते तर तुम्ही म्हणाला असतात, “कसले आभार, तुम्हीच मला गाडीतून नेत होता.” आता तुम्हाला मध्ये बोलता येत नाही, तर ऐकून घ्या. त्या दिवसांत तुम्ही मला सावरलंत.

या हिवाळ्यात तुम्हाला दम लागायला लागला. पार्किंगपासून वाफ्यापर्यंतसुद्धा चालवेना. तुम्ही प्लॉट सोडलात आणि पाटी उपटून गॅरेजमध्ये ठेवलीत. या वर्षी मी विचारलंच नाही. विचारायची हिंमत झाली नाही. आणि फेब्रुवारीच्या शेवटी एका शनिवारी मी सामान घेऊन आलो, पिशव्या ओट्यावर ठेवल्या, खिडकीतून सहज बाहेर पाहिलं, तर तुम्ही मागच्या अंगणात प्लास्टिकच्या स्टुलावर बसून उलथन्यानं माती उकरत होतात. आमचं जुनं उलथनं. कुंपणाच्या कडेनं एक सरळ ओळ आखली होती, बी टाकून झालं होतं, आणि तुम्ही माती सारखी करत होतात.

मी बाहेर गेलो नाही. गेलो असतो तर काहीतरी बोललो असतो आणि तुम्ही संकोचून उठला असतात. आत मेधाला सांगितलं, “बघ, आईंनी शेवटी आपल्या अंगणात लावलं.” ती लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाली, “शिरीष, शी कॅन्ट वॉक दॅट फार. दॅट्स ऑल. लगेच अर्थ काढत बसू नकोस.” तिच्या आईला ती माझ्यापेक्षा जास्त ओळखत होती. पण जाळी मात्र मी त्याच दुपारी आणली.

मग ते एप्रिलचं प्रकरण. पाइनच्या झाडांच्या पिवळ्या परागांनी गाड्या, पायऱ्या, सगळं माखलं होतं. मुळे चांगले पोसले होते आणि मधूनच कोंब वर निघायला लागले होते. तुम्ही आत पडून होतात. मला वाटलं, प्लॉटवर तुम्ही मुळे वेळेवर उपटता, आता वाकवत नाही म्हणून राहिलेत. दोन दिवसांत लाकूड होतील आणि तुमची मेहनत वाया जाईल. आपणच उपटावेत, छान कोशिंबीर करावी, तुम्हाला आयती वाढावी. तुमच्या जावयानं आयुष्यात पहिल्यांदा न सांगता काम हाती घेतलं आणि एक, दोन, तीन मुळे उपटले. चौथ्याला हात घातला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून आवाज आला.

“अहो! काय चाललंय? ठेवा तो आधी खाली!”

मी वळून पाहिलं, दुसरंच कुणी ओरडतंय की काय म्हणून.

“अक्कल गहाण टाकलीत का? शेंगा धरायच्या वेळेला कुणी मुळा उपटतं? एवढे शिकलेले तुम्ही, विचारायचं तरी!”

तुम्ही बाहेर आलात, भिंतीला धरत, धापा टाकत. माझ्या हातातले मुळे जवळजवळ हिसकावून घेतलेत आणि खाली बसून परत मातीत खोवलेत. “पाणी आणा,” म्हणालात. मी आणलं. “एवढं नाही, कुजवायचेत का?” मी निम्मं ओतून टाकलं. “काड्या आणा.” काड्या आणल्या. तुमच्या परकराच्या जुन्या नाडीचे तुकडे करून तुम्ही एकेक कोंब काडीला बांधत गेलात आणि मी नाडी धरून बसलो. दोन मुळे संध्याकाळपर्यंत मान टाकून गेले, एकानं तग धरला. आई, मी त्या वेळी इतका सुखात होतो की मला चेहरा कुठे लपवावा कळेना. अकरा वर्षांत तुम्ही मला पहिल्यांदा रागावला होतात. माझी आई मला अशीच रागवायची.

पण संध्याकाळी तुम्ही माझ्या कामाच्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिलात. तोंड एवढंसं झालं होतं. “शिरीषराव, माझं चुकलं. जावयाला असं बोलायला नको होतं. मनात ठेवू नका.” मला म्हणायचं होतं की आई, परत बोला, रोज बोला, मी रोज एक मुळा उपटतो. आणि तोंडातून निघालं काय, तर “छे हो आई, काहीतरीच काय.” अगदी शहाण्या जावयासारखं. तुम्ही मान हलवून गेलात. दुसऱ्या दिवशी सकाळी विचारलंत, फ्रीज उघडू का. मला वाटलं, गेलं. एक दार किलकिलं झालं होतं, ते मीच चांगुलपणानं लावून टाकलं.

मे महिन्यात एका दुपारी तुम्ही जेवून जरा पडते म्हणालात आणि उठला नाहीत. त्याबद्दल मला जास्त लिहिता येणार नाही.

तेव्हापासून मेधा मागच्या अंगणात गेलेली नाही. भांडी घासताना खिडकीकडे पाठ करता येत नाही, तर ती पडदा ओढून घेते. एकदा मी म्हटलं, आईंच्या मुळ्यांना फुलं आलीत. ती म्हणाली, “मला नको सांगूस. ती शेवटपर्यंत पाहुणीच राहिली रे माझ्या घरात. माझी आई, आणि मला विचारून चहा करायची.” मग सिंकचा नळ तसाच सुरू ठेवून रडली. मला तेव्हा कळलं की वाट मी एकटाच बघत नव्हतो. ती माझ्यापेक्षा जास्त बघत होती, म्हणूनच अर्थ काढू नकोस म्हणत होती.

मुळ्यांकडे मी बघतो. शेंड्यांवर मावा पडला होता, तो पाण्याच्या फवाऱ्यानं घालवला. हरणानं जाळीवरून मान घालून एका कोपऱ्यातला पाला खाल्ला, तिथे जाळी उंच केली. तरी खुडायच्या कधी, ते मला कळेना. पॅटला विचारता आलं असतं, पण ती तुम्हालाच विचारायची. शेवटी आज सकाळी मी कऱ्हाडला अरुणमामांना फोन लावला. तुमचे धाकटे भाऊ, त्यांना तरी माहीत असेल.

मामांना आधी समजेचना की जावई अमेरिकेतून डिंगऱ्यांबद्दल का विचारतोय. मग सविस्तर सांगितलं. “दाणा हाताला लागायच्या आत खुडायच्या बघा. मोडून बघायची. कट्‌कन मोडली तर कोवळी. तार निघाली तर गेली, मग ती बियाला ठेवायची.” मी बरं म्हटलं. फोन ठेवणार, तेवढ्यात ते म्हणाले, “तेच मुळे का हे, तुम्ही उपटत होतात ते?”

मी विचारलं, तुम्हाला कसं माहीत?

“ताईनं सांगितलं की. त्याच रात्री फोन केला होता तिनं. इकडं सकाळ, मी नुकता चहा घेत होतो. हसत होती हो, बोलता येईना तिला, आधीच दम लागायचा. म्हणाली, अरू, आज गंमत झाली, आमचे जावईबापू माझ्या परसात शिरले नि माझे मुळे उपटायला लागले. चांगलं फैलावर घेतलं म्हणाली.”

“कुठे शिरले म्हणाल्या?”

“परसात. माझ्या परसात म्हणाली. का हो?”

मी काही नाही म्हटलं. मामा पुढे पाऊसपाण्याचं काहीतरी बोलत राहिले, मी हं हं करत राहिलो. म्हणजे माझ्या दारात येऊन माफी मागितलीत, मग आपल्या खोलीत जाऊन दार लावलंत आणि भावाला फोन करून हसलात. मी इकडे वाईट वाटून घेत होतो, आणि तुम्ही तिकडे जावयाला झापल्याचा आनंद साजरा करत होतात.

मेधा वर कपड्यांच्या घड्या घालत होती. तिला मी मामांचे शब्द जसेच्या तसे सांगितले. ती बराच वेळ हातातल्या टॉवेलची तीच घडी घालत राहिली. “माझ्या म्हणाली?” तिनं विचारलं. हो म्हटलं. “मला कधी नाही म्हणाली,” ती म्हणाली, आणि डोळे पुसता पुसता हसायला लागली. “नक्की फैलावर घेतलं म्हणाली?” मी म्हटलं, मामांना विचार. तिनं खरंच विचारलं. मामांनी तिला सगळं पुन्हा सांगितलं, आणि तिनं ते स्पीकरवर टाकून दोनदा ऐकलं. मग ती उठून खाली गेली आणि डाळीचं पीठ आहे का बघायला लागली.

आता ती मागच्या दारात चपला घालतेय, हातात रोळी आहे. मला हाक मारतेय. मी हे तेवढं लिहून उठतो. उंच जाळी मी काढतो, खालच्या शेंगा ती खुडेल. जून झालेल्या असतील त्या तशाच ठेवू. मात्र मी मुळे उपटत होतो तेव्हा ‘विचारायचं तरी’ म्हणाला होतात, आणि परस तुमचं आहे, म्हणून आज विचारतो.

खुडू ना, आई?